मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी बंद: एसयूव्हीतल्या दोन बॅटऱ्यांचा इतिहास

गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळी साडेसातला सांगलीहून मामाचा फोन आला. "अगं, गाडी चालूच होईना. दार पण किल्ली घालून उघडावं लागलं. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, नऊला पोचायचंय."

गाडी म्हणजे विजेवर चालणारी एसयूव्ही. मी बॅटरीच्या रसायनशास्त्रात पीएचडी करते, त्यामुळे घरात कुणाचा मोबाइल चार्ज होईना झाला तरी फोन मलाच येतो. मी विचारलं, "चार्ज किती होता?"

"रात्री ८२ टक्के दाखवत होता."

"मग बॅटरीचा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरचं काहीतरी असेल," मी ठामपणे सांगून टाकलं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून आजीला नेलं, ऑपरेशन नीट झालं. दुपारी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधला इलेक्ट्रिशियन आला. त्याने बॉनेट उघडून एका छोट्या बॅटरीला मीटर लावला, दुसऱ्या गाडीवरून जंपर जोडले आणि पाच मिनिटांत गाडी जागी केली. मामाने फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "ताई, बारकी बॅटरी उतरली होती. बारकी झोपली की मोठी बी उठत न्हाई." आणि मग त्याने विचारलं, "पण खाली एवढी मोठी असताना ही बारकी ठेवलीया कशाला?"

मी म्हणाले, "स्वस्त पडते म्हणून." म्हणताना मलाच कळत होतं की हे उत्तर नाही, अंदाज आहे. माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लेड-ॲसिड बॅटरीला मी दीड ओळ दिली होती: जुनं तंत्रज्ञान, जड, कालबाह्य. त्या दीड ओळीच्या तंत्रज्ञानाने मामाची गाडी सकाळभर अडवून ठेवली होती. मग मी इतिहास वाचायला घेतला. हा लेख त्याच प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

आधी आजची रचना समजून घेऊ

विजेवरच्या जवळपास प्रत्येक एसयूव्हीत दोन वेगळ्या विद्युत व्यवस्था असतात. पहिली उच्च व्होल्टेजची. सीटखाली, गाडीच्या तळाला पसरलेला लिथियम-आयन पॅक चाकं फिरवणाऱ्या मोटरला वीज देतो. उदाहरण म्हणून २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही घ्या. तिचा पॅक ३०.२ किलोवॉट-तासांचा, साधारण ३२० व्होल्टचा आणि लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाचा होता. या रसायनाचा एक सेल साधारण ३.२ व्होल्ट देतो. म्हणजे ३२० व्होल्टसाठी शंभरेक सेल सिरीजमध्ये हवेत, हा हिशेब तुम्हीही करू शकता.

दुसरी व्यवस्था १२ व्होल्टची. दिवे, वायपर, हॉर्न, सेंट्रल लॉक, स्क्रीन, एअरबॅग आणि गाडीतले सगळे छोटे संगणक तिच्यावर चालतात. पेट्रोल गाडीत ही बॅटरी अल्टरनेटर (गॅरेजच्या भाषेत अजूनही 'डायनामो') चार्ज करतो. विजेवरच्या गाडीत ते काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो, म्हणजे मोठ्या पॅकची वीज उतरवून छोट्या बॅटरीला देतो.

गोम पुढे आहे. गाडी बंद असताना मोठा पॅक बाकीच्या गाडीपासून पूर्ण तोडलेला असतो. मध्ये कॉन्टॅक्टर नावाचे दणकट स्विच असतात. त्यांच्या कॉइलमध्ये प्रवाह असला तरच ते जोडलेले राहतात, आणि हा प्रवाह १२ व्होल्टच्या बाजूने येतो. छोटी बॅटरी मेली की कॉन्टॅक्टर जोडायला कुणीच उरत नाही. पॅकमध्ये ८२ टक्के चार्ज आहे, पण तो कुलुपात आहे आणि किल्ली मेलेल्या बॅटरीकडे आहे.

ही विचित्र व्यवस्था एका बैठकीत कुणी ठरवलेली नाही. ती थराथरांनी साचत गेली आहे.

पहिला थर: नकोशा परिणामातून बॅटरी

१८५९. पॅरिसमध्ये गॅस्टन प्लांते हा २५ वर्षांचा तरुण एका नकोशा गोष्टीचा अभ्यास करत होता. त्या काळच्या सेलमधून प्रवाह घेतला की इलेक्ट्रोडवर असे बदल होत की ते उलट दिशेने व्होल्टेज निर्माण करत आणि सेल दुबळा पडे. बाकीच्यांना ही कटकट होती. प्लांतेने विचारलं, हा उलटा परिणाम कुठल्या धातूत सर्वांत जास्त आणि सर्वांत टिकाऊ असतो? उत्तर निघालं, शिसं. शिशाचे दोन पत्रे, मध्ये विद्युतरोधक पट्ट्या, सगळं गुंडाळून पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवलं, आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली व्यवहार्य बॅटरी तयार झाली.

तेव्हा उपयोगी डायनामोच नव्हता. रिचार्ज होणारी बॅटरी चार्ज करायला एकदा वापरून संपणारे सेल लागत! १८७० नंतर डायनामो व्यवहारात आले, १८८१ मध्ये कामिल फोरने शिशाच्या संयुगांचा लेप प्लेटवर देण्याची पद्धत आणली आणि कारखानदारी शक्य झाली. आत नेमकं काय होतं याचं स्पष्टीकरण ग्लॅडस्टन आणि ट्राइब यांनी १८८२ मध्ये दिलं: डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. म्हणजे वस्तू आधी आली, सिद्धान्त २३ वर्षांनी. हे लेड सल्फेट लक्षात ठेवा, मामाच्या गाडीत ते पुन्हा भेटणार आहे.

दुसरा थर: हरली आणि म्हणूनच जिंकली

१९०० च्या सुमारास अमेरिकेत वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या गाड्या एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. विजेची गाडी मुळीच दुबळी नव्हती. ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेवरची होती: कामिय जेनात्झीची 'ला जामे कोंतांत', साल १८९९. पेट्रोल गाडीचा मोठा दोष म्हणजे ती हँडल मारून सुरू करावी लागे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं.

हा दोष चार्ल्स केटरिंगने काढला. इंजिन फिरवायचं तर प्रचंड मोटर लागेल, असं तेव्हा सांगितलं जाई. केटरिंगने आधी कॅश रजिस्टरला विजेची मोटर बसवली होती. त्याला माहीत होतं की मोटर दिवसभर चालवायची नसून काही क्षणच चालवायची असेल, तर छोट्या मोटरकडूनही जबरदस्त काम घेता येतं. त्याचा सेल्फ-स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. आपण आजही गॅरेजमध्ये "सेल्फ घेत नाही" म्हणतो, तो 'सेल्फ' हाच. त्याच्या रचनेत स्टार्टर आणि जनरेटर हे एकच यंत्र होतं, हेही लक्षात ठेवा.

आता यातला विरोधाभास बघा. बॅटरीने पेट्रोल गाडीतली सर्वांत मोठी अडचण दूर केली आणि त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या बाजारातून मागे पडायला हातभार लागला. स्वस्त पेट्रोल आणि फोर्डच्या मॉडेल टीची कमी किंमत ही बाकीची कारणं होतीच. चाकं फिरवण्याचं काम बॅटरीच्या हातून गेलं, पण जगातल्या प्रत्येक गाडीत तिला कायमची जागा मिळाली.

या नव्या कामाने बॅटरीचा आकारही ठरवला. सेल्फसाठी काही सेकंद शेकडो अँपिअर हवेत. म्हणून प्लेट पातळ आणि संख्येने जास्त, म्हणजे पृष्ठभाग मोठा. एक जोरदार झटका द्यायचा आणि लगेच इंजिनाकडून भरून घ्यायचं, अशी तिची सवय. हळूहळू, खोलपर्यंत रिकामं होणं तिला सोसत नाही.

तिसरा थर: ६, १२ आणि जीपचे २४

१२ हा आकडा काही निसर्गनियम नाही. लेड-ॲसिडचा एक सेल साधारण २ व्होल्टचा. बराच काळ गाड्यांत तीन सेल, म्हणजे ६ व्होल्ट चालले. १९५० च्या दशकात अमेरिकन गाड्यांची इंजिनं मोठी आणि जास्त कॉम्प्रेशनची झाली, सेल्फला जास्त शक्ती लागू लागली, आणि सहा सेल, म्हणजे १२ व्होल्ट, रूढ झाले.

यामागचं गणित बारावीचं आहे. समजा सेल्फला १,२०० वॉट हवेत. ६ व्होल्टवर २०० अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर १००. तारेतली उष्णतेची हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्याच तारेत प्रवाह निम्मा केला की हानी चौथाई. हे एवढं गणित डोक्यात असलं, तर या विषयाचा पुढचा सगळा इतिहास कळतो.

एसयूव्हीची पणजी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप ६ व्होल्टची होती. १९५० मध्ये आलेल्या एम३८ या लष्करी जीपमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्टची व्यवस्था केली गेली. म्हणजे 'दोन बॅटऱ्यांची एसयूव्ही' ही कल्पना काही आजची नाही. पुढे मोठ्या डिझेल एसयूव्हींमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पॅरललमध्येही आल्या. इथे विद्यार्थी नेहमी गोंधळतात, म्हणून सांगते: सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते, पॅरललमध्ये व्होल्टेज तेच राहतं आणि प्रवाह देण्याची ताकद वाढते. रानावनात मुक्काम करणाऱ्यांनी तिसराच प्रकार केला. सेल्फची बॅटरी एक, फ्रिज-दिव्यांची दुसरी, आणि मध्ये आयसोलेटर. उद्देश हा की रात्री दुसरी उतरली तरी सकाळी पहिलीने गाडी सुरू व्हावी. प्रत्येक जोडणीमागे एक वेगळी भीती किंवा गरज आहे.

चौथा थर: मोठी बॅटरी परत येते

१९९० मध्ये कॅलिफोर्नियाने धूर न सोडणाऱ्या गाड्या विकण्याची सक्ती कंपन्यांवर आणली. त्यातून १९९७ मध्ये टोयोटा आरएव्ही४ ईव्ही ही विजेवरची छोटी एसयूव्ही रस्त्यावर आली. तिच्यात १२ व्होल्टचे २४ निकेल-मेटल हायड्राइड मॉड्यूल सिरीजमध्ये होते: २८८ व्होल्ट, सुमारे २७ किलोवॉट-तास. म्हणजे नेक्सॉनच्या पहिल्या पॅकच्या आसपासची ऊर्जा.

त्याच वर्षी, १९९७ मध्ये, पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांचा लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. या पदार्थाची स्वतःची विद्युतवाहकता फारच कमी, त्यामुळे जास्त शक्तीच्या कामांसाठी तो सुरुवातीला बेताचाच वाटला. कणांवर कार्बनचा थर देणं, कण बारीक करणं अशा कामांतून तो उभा राहिला आणि आज भारतातल्या कितीतरी विजेच्या एसयूव्हींच्या तळाशी तोच आहे. २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना लिथियम-आयन बॅटरीसाठी मिळालं.

मोठी बॅटरी परत आली, इंजिन गेलं, सेल्फ गेला. ज्या कामासाठी १९१२ मध्ये छोटी बॅटरी आली, ते कामच उरलं नाही. तरी ती राहिली. का?

काढून टाकण्याचे प्रयत्न

तंत्रज्ञानाच्या इतिहासात 'एखादी गोष्ट का टिकली' याचं उत्तर शोधायचं असेल, तर ती काढायला कोण गेलं आणि का फसलं ते बघावं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतली एमआयटी आणि मोठ्या वाहन कंपन्या मिळून ४२ व्होल्टच्या व्यवस्थेवर काम करत होत्या. (१२ व्होल्टची बॅटरी प्रत्यक्षात १४ व्होल्टच्या आसपास चार्ज होते. ४२ म्हणजे त्याची तिप्पट, बॅटरी ३६ व्होल्टची.) २००१ मध्ये टोयोटा क्राउनच्या एका माइल्ड हायब्रिड गाडीत ती आलीही. पण काही वर्षांत सगळी चळवळ विरून गेली.

कारणं बोधप्रद आहेत. १२ व्होल्टवर स्विच उघडताना पडणारी ठिणगी सहज विझते, ४२ व्होल्टवर तिची कमान टिकून राहू शकते, म्हणून रिले, स्विच, कनेक्टर सगळे नव्याने बनवावे लागले असते. आणि ज्या उपकरणांसाठी ४२ व्होल्ट हवेत असं म्हटलं जात होतं, उदाहरणार्थ विजेवरचं स्टिअरिंग, ती इंजिनिअरांनी सुधारून १२ व्होल्टवरच चालवून दाखवली. जुन्याला आव्हान मिळालं, तेव्हा जुन्यानेच स्वतःला सुधारलं.

पुढे ४८ व्होल्टची व्यवस्था आली. ६० व्होल्ट डीसीच्या आत राहिलं, तर उच्च व्होल्टेजसाठीची कडक सुरक्षा लागत नाही, म्हणून ४८. २०१६ च्या ऑडी एसक्यू७ या एसयूव्हीत तिच्यावर इंजिनाला हवा पुरवणारा विजेवरचा कॉम्प्रेसर चालत होता. आपल्याकडे २०१९ मध्ये एमजी हेक्टरच्या पेट्रोल हायब्रिडमध्ये ४८ व्होल्टची छोटी बॅटरी आली. अशा हायब्रिडमध्ये पट्ट्यावर चालणारं एकच यंत्र स्टार्टरही असतं आणि जनरेटरही. केटरिंगची १९१२ ची कल्पना शंभर वर्षांनी परत! पण या गाड्यांतही १२ व्होल्टची बॅटरी होतीच. ४८ ने १२ ला हटवलं नाही, ती शेजारी येऊन बसली.

अलीकडे मात्र दोन बदल झाले आहेत. टेस्लाने २०२१ पासून मॉडेल एस आणि एक्समध्ये छोटी बॅटरी लेड-ॲसिडऐवजी लिथियम-आयन केली, आणि २०२३ च्या सायबरट्रकमध्ये छोट्या व्यवस्थेचं व्होल्टेज ४८ केलं. पण नीट बघा: रसायन बदललं, आकडा बदलला, छोट्या बॅटरीची जागा मात्र तशीच आहे.

तर मग इलेक्ट्रिशियनच्या प्रश्नाचं उत्तर

'स्वस्त पडते' हा उत्तराचा एक तुकडा होता. दिवे, मोटरी, फ्यूज, रिले यांचं अख्खं जग १२ व्होल्टवर उभं आहे आणि ते बदलणं महाग आहे. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये टाइपरायटरच्या कळपाटाचं उदाहरण घेऊन हेच मांडलं होतं: एकदा घेतलेलं वळण पुढच्या सगळ्या वाटा ठरवतं.

पण एवढ्यावर थांबलो, तर आपण पुन्हा अंदाजच करू. दुसरा तुकडा सुरक्षेचा आहे. १२ व्होल्टच्या व्यवस्थेत गाडीचा पत्रा हीच परतीची तार असते, बॅटरीचं ऋण टोक चासीला जोडलेलं असतं. ३२० व्होल्टला असं करणं जिवावर बेतेल, म्हणून मोठा पॅक चासीपासून पूर्ण वेगळा ठेवतात. अपघात झाला की कॉन्टॅक्टरने पॅक तोडलाच पाहिजे. आणि तो तोडल्यावरही एअरबॅग, दारांची कुलपं, धोक्याचे दिवे चालले पाहिजेत. मोठी बंद असताना जागी राहणारी दुसरी बॅटरी म्हणूनच हवी.

म्हणजे छोट्या बॅटरीचं जुनं काम गेलं, जागा राहिली, आणि त्या जागेला नवं काम मिळालं. पूर्वी ती धक्का देणारी होती, आता राखण करणारी आहे.

आणि मामाच्या गाडीचा बिघाड बहुतेक इथेच होता. गाडी चार-पाच दिवस उभी होती. रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर, मोबाइल ॲपशी बोलणारं मोडेम, अलार्म हे सगळे थोडी थोडी वीज घेत राहतात. राखणीच्या कामासाठी पुष्कळ गाड्यांत झटक्यासाठी घडलेल्या घराण्यातलीच बॅटरी बसवलेली असते. ती हळूहळू उतरली की लेड सल्फेटचे स्फटिक मोठे होतात, पुन्हा विरघळायला कठीण जातात आणि क्षमता घटते. शिवाय इथे सेल्फ नाही, त्यामुळे रोज सकाळी "जरा दमल्यासारखी फिरतेय" असा इशाराही मिळत नाही. एके दिवशी सरळ अंधार.

तुमच्या कामासाठी

संशोधनाचा विषय निवडताना आपण 'सर्वांत नवीन काय' हे शोधतो. मीही तेच केलं. आता मी कुठल्याही यंत्राच्या, पदार्थाच्या किंवा पद्धतीच्या प्रत्येक भागाला चार प्रश्न विचारते. हा कुणाच्या कुठल्या गरजेतून आला? ती गरज आज आहे का? नसेल, तर आता तो नेमकं कुठलं काम करतो? आणि त्याला काढायला कोण गेलं होतं, त्याचं काय झालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणि वस्तूची मूळ घडण यांत फट दिसली, की तिथे संशोधनाचा प्रश्न असतो. झटक्यासाठी घडलेली बॅटरी राखणीला बसवली, ही तशीच एक फट आहे.

माझ्या प्रबंधातली ती दीड ओळ आता सात पानांची झाली आहे. मार्गदर्शकांनी 'कालबाह्य' या शब्दाखाली आधीच लाल रेघ मारून ठेवली होती, ती मला उशिरा समजली.

गेल्या महिन्यात सांगलीला गेले तेव्हा गॅरेजमध्ये जाऊन त्या इलेक्ट्रिशियनला सगळं उत्तर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे रात्रीचा वॉचमन. पण मग वॉचमनला कोण जागं ठेवणार, ताई?"

याचं उत्तर शोधतेय.